द्राक्षाची पेटी, सीमेवरील कागद आणि संगणक

नाशिक जिल्ह्यातील निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातील बागेत ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षाचा जो घड आकार घेऊ लागतो, त्याचा ग्राहक पुष्कळदा सहा-सात हजार किलोमीटर दूर असतो. जानेवारी ते एप्रिल या काळात घड उतरविले जातात. पॅकहाऊसमध्ये त्यांची निवड होते, पेट्या भरल्या जातात, माल त्वरेने थंड केला जातो आणि मग शीत-कंटेनरमधून तो न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराकडे निघतो. तेथून रॉटरडॅमपर्यंतचा प्रवास कित्येक आठवड्यांचा असतो. या संपूर्ण प्रवासात फळाचे आयुष्य दिवसागणिक कमी होत असते. सागरातील अंतर कमी करणे कोणाच्याही हाती नाही. परंतु बागेपासून जहाजापर्यंत आणि जहाजापासून परदेशातील बाजारापर्यंत जो वेळ कागदपत्रे, तपासण्या व परवानग्या यांत जातो, तो मात्र मनुष्याच्या हाती आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारात सीमेवरील कार्यपद्धतीला आणि माहिती तंत्रज्ञानाला जे महत्त्व आले आहे, त्याचे मूळ या साध्या गोष्टीत आहे.

सीमा कोणते प्रश्न विचारते?

देशाची सीमा म्हणजे नकाशावरील केवळ एक रेषा नव्हे. व्यापाराच्या दृष्टीने सीमा ही प्रश्नांची एक मालिका असते. माल कोणता आहे? तो कोठून आला? त्याचे मूल्य किती? त्यावर शुल्क किती? तो आणण्यास किंवा नेण्यास परवानगी आहे काय? त्यापासून माणसांच्या, जनावरांच्या किंवा पिकांच्या आरोग्याला धोका आहे काय? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्याखेरीज कोणतेही राष्ट्र माल सोडत नाही आणि तसे ते सोडणारही नाही. शासनाचा महसूल, नागरिकांचे आरोग्य व देशाची सुरक्षितता या तिन्ही गोष्टी त्या उत्तरांवर अवलंबून असतात. भारतात १९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमाने या कामाची चौकट घालून दिली आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जगभर एकाच भाषेत देता यावे म्हणून मालाच्या वर्गीकरणाची एक सुसंवादी पद्धत १ जानेवारी १९८८ पासून अमलात आली. या पद्धतीत प्रत्येक वस्तूला सहा अंकी क्रमांक असतो. ताज्या द्राक्षांचा क्रमांक ०८०६१० असा आहे. मुंबईतील अधिकारी मराठी, हिंदी वा इंग्रजी बोलत असो आणि रॉटरडॅममधील अधिकारी डच, हा क्रमांक दोघांनाही एकच अर्थ सांगतो. संगणकाला व्यापाराच्या कामात स्थान मिळाले त्यामागे अशा समान अंकभाषेचा मोठा हात आहे. माहिती ठरावीक साच्यात बसल्याशिवाय यंत्राला ती वाचता येत नाही.

कागदांचा भार आणि त्याची किंमत

एका आंतरराष्ट्रीय व्यवहारात किती कागद लागतात याविषयी संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेचा एक अंदाज नेहमी सांगितला जातो. त्यानुसार सीमाशुल्काच्या एका सर्वसाधारण व्यवहारात २० ते ३० पक्षांचा संबंध येतो, सुमारे ४० कागदपत्रे लागतात आणि माहितीच्या सुमारे २०० बाबी भराव्या लागतात. त्यांपैकी ३० बाबी किमान ३० वेळा पुन्हा पुन्हा लिहिल्या जातात. निर्यातदाराचे नाव, मालाचे वजन, पेट्यांची संख्या, जहाजाचे नाव हे सारे बँकेला, विमा कंपनीला, जहाज कंपनीला, बंदराला, सीमाशुल्क खात्याला व निरनिराळ्या तपासणी यंत्रणांना वेगवेगळ्या नमुन्यांत द्यावे लागते. पुन्हा लिहिण्यात वेळ जातो हे तर खरेच. पण त्याहून वाईट म्हणजे दर वेळी चूक होण्याचा संभव वाढतो. एका कागदावर १,००० पेट्या आणि दुसऱ्यावर १,०१० पेट्या असतील, तर माल थांबतो.

थांबलेल्या मालाचा खर्च थांबत नाही. कंटेनर गोदीत ठरावीक मुदतीपेक्षा अधिक काळ राहिला तर भाडे वाढत जाते. माल शीत-कंटेनरमधील असेल तर विजेचा आकार वेगळा पडतो. जहाज चुकले तर पुढील जहाजाची वाट पाहावी लागते आणि परदेशातील खरेदीदाराने ठरवून दिलेला आठवडा निघून जातो. लोखंडी नळ्यांच्या व्यापाऱ्याला हा विलंब केवळ पैशाच्या रूपाने सोसावा लागतो, तर द्राक्षांच्या बाबतीत मालाची प्रतच उतरते. शिवाय, कागदपत्रांचा खर्च मालाच्या प्रमाणात वाढत किंवा घटत नाही. शंभर कंटेनर पाठविणाऱ्या कंपनीला आणि एक कंटेनर पाठविणाऱ्या शेतकरी संस्थेला जवळजवळ तेच नमुने भरावे लागतात. म्हणूनच किचकट कार्यपद्धतीचा सर्वांत मोठा भार लहान निर्यातदारावर पडतो.

संगणकाचे आगमन

या अडचणीवर संगणकाचा उपाय करून पाहणाऱ्या देशांत सिंगापूरचे नाव आघाडीवर आहे. १९८९ साली तेथे ‘ट्रेडनेट’ ही यंत्रणा सुरू झाली. व्यापाऱ्याने एकदाच माहिती भरावयाची आणि संगणकाने ती संबंधित खात्यांकडे पोहोचवावयाची, अशी तिची रचना होती. ज्या परवान्यासाठी पूर्वी दिवस मोजावे लागत, तो काही मिनिटांत मिळू लागला. विकसनशील देशांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने १९८० नंतरच्या दशकात ‘असिकुडा’ नावाची संगणक प्रणाली विकसित केली. आज जगातील अनेक देश ती वापरतात आणि त्यांत आपला शेजारी बांगलादेशही आहे.

योगायोग असा की न्हावा शेवा येथील बंदर सुरू झाले ते वर्षही १९८९ हेच होते. तथापि भारतात सीमाशुल्काच्या कामात संगणकाचा प्रवेश त्यानंतर काही वर्षांनी, १९९५ मध्ये, दिल्लीच्या विमान-माल संकुलात झाला. पुढे ही यंत्रणा देशभरातील बंदरे, विमानतळ व अंतर्गत कंटेनर डेपो यांपर्यंत पोहोचली. ‘आइसगेट’ या संगणकीय प्रवेशद्वारामुळे आयातदाराचे बिल ऑफ एंट्री व निर्यातदाराचे शिपिंग बिल आपल्या कार्यालयातूनच दाखल करणे शक्य झाले.

तथापि जुने नमुने संगणकावर भरून घेतल्याने काम आपोआप सोपे होत नाही. खरा बदल घडला तो कामाच्या पद्धतीत. त्यातील प्रमुख टप्पे असे आहेत:

२००५ पासून आयात मालासाठी जोखीम व्यवस्थापन पद्धती आली. सरसकट प्रत्येक खोके उघडून पाहण्याऐवजी आयातदाराची पूर्वपीठिका, मालाचा प्रकार, मालाचा देश इत्यादी गोष्टींवरून संगणक जोखीम ठरवितो आणि संशयास्पद मालाचीच तपासणी सुचवितो. प्रामाणिक व्यापाऱ्याचा माल लवकर सुटावा आणि अधिकाऱ्यांचे श्रम योग्य ठिकाणी लागावेत, हा यामागील हेतू होय.

२०११ पासून स्वयं-आकारणीचे तत्त्व स्वीकारले गेले. शुल्क किती, हे प्रथम आयातदाराने स्वतः ठरवावयाचे आणि खात्याने आवश्यक तेथे पडताळणी करावयाची, अशी ही व्यवस्था आहे. यात सोय आहे तशीच जबाबदारीही आहे.

२०२० मध्ये ‘अनामिक आकारणी’ देशभर लागू झाली. माल न्हावा शेवा येथे उतरला तरी त्याचे कागद दुसऱ्या शहरातील अधिकाऱ्याकडे तपासणीसाठी जाऊ शकतात. व्यापारी आणि अधिकारी यांची समोरासमोर गाठ पडत नाही, त्यामुळे ओळखीपाळखीला वाव राहत नाही आणि देशभर एकाच मालाला एकच न्याय मिळण्याची शक्यता वाढते.

२०२१ च्या दुरुस्तीनुसार माल पोहोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री दाखल करणे हा सर्वसाधारण नियम झाला. जहाज समुद्रात असतानाच कागदांचे काम उरकावे, म्हणजे ते धक्क्याला लागताच माल हलविता येईल, असा हा विचार आहे.

एक खिडकी

सीमाशुल्क खाते वेगवान झाले तरी माल सुटतोच असे नाही. खाद्यपदार्थ असेल तर अन्न सुरक्षा प्राधिकरण, रोपे किंवा बियाणे असेल तर वनस्पती संगरोध, औषध असेल तर औषध नियंत्रक, अशा अनेक यंत्रणांची अनुमती लागते. साखळीची ताकद तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकीच असते. यास्तव १ एप्रिल २०१६ पासून भारतात आयातीसाठी ‘एक खिडकी’ पद्धत सुरू झाली. प्रारंभी सहा यंत्रणा तीत सामील होत्या. आयातदाराने एकच एकत्रित घोषणापत्र भरावयाचे आणि कोणत्या यंत्रणेची अनुमती लागेल हे संगणकाने ठरवून तिच्याकडे ते पाठवावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. त्याआधी, २०१५ मध्ये, आयातीसाठी व निर्यातीसाठी सर्वसाधारणपणे अनिवार्य असलेल्या कागदपत्रांची संख्या प्रत्येकी तीनवर आणण्यात आली होती.

या सर्व प्रयत्नांना आंतरराष्ट्रीय चौकटही लाभली. जागतिक व्यापार संघटनेच्या डिसेंबर २०१३ मधील बाली परिषदेत व्यापार सुलभीकरण करार संमत झाला. भारताने त्यास एप्रिल २०१६ मध्ये मान्यता दिली आणि दोन-तृतीयांश सदस्यांची संमती पूर्ण होताच २२ फेब्रुवारी २०१७ रोजी तो अमलात आला. नियम सर्वांना उपलब्ध करून देणे, आगाऊ निर्णय देणे, नाशवंत मालाला अग्रक्रम देणे, माल सुटण्यास लागणारा सरासरी वेळ मोजून प्रसिद्ध करणे आणि एक खिडकी उभारणे या गोष्टींचा त्यात समावेश आहे. कराराची पूर्ण अंमलबजावणी झाल्यास व्यापाराचा खर्च सरासरी १४ टक्क्यांहून अधिक घटेल, असा अंदाज जागतिक व्यापार संघटनेने २०१५ मध्ये मांडला होता.

वेळ मोजण्याचे कलम वरकरणी किरकोळ वाटते; पण सुधारणेचा आरंभ मोजमापापासूनच होतो. भारताने सागरी बंदरांवरील आयात माल ४८ तासांत आणि विमानतळावरील २४ तासांत सुटावा असे उद्दिष्ट ठेवले. २०२३ च्या राष्ट्रीय पाहणीत सागरी बंदरांचा सरासरी वेळ सुमारे ८५ तास आढळला. आधीच्या वर्षापेक्षा तो कमी होता. पण उद्दिष्ट अजून दूर होते, हेही त्याच आकड्याने दाखवून दिले.

द्राक्षांनी शिकविलेला धडा

माहितीची यंत्रणा शेतापर्यंत गेली तर काय घडू शकते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्या द्राक्षबागांत सापडते. २००३ साली भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक असल्याचे युरोपात आढळले आणि सर्व द्राक्ष निर्यातीपुढे प्रश्नचिन्ह उभे राहिले. दोष काही मालाचा होता, परंतु तो माल कोणत्या बागेतला, हे सांगण्याची सोय नसल्याने संशय साऱ्यांवरच आला. त्यानंतर अंश-नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला आणि २००६ मध्ये कृषी व प्रक्रिया खाद्य उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाने, म्हणजे ‘अपेडा’ने, ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था सुरू केली.

तिची रीत अशी आहे. निर्यातीसाठी राखलेली बाग राज्याच्या कृषी विभागाकडे नोंदविली जाते आणि तिला स्वतंत्र क्रमांक मिळतो. मान्यताप्राप्त प्रयोगशाळा त्याच बागेतून नमुना घेते व निष्कर्ष संगणकावर नोंदविते. नमुना उत्तीर्ण झाला तरच त्या बागेचा माल युरोपसाठी पॅकहाऊसमध्ये घेता येतो. पुढे पेट्या, अॅगमार्क प्रमाणपत्र आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र या साऱ्यांची नोंद त्याच साखळीत जोडली जाते. त्यामुळे परदेशातील दुकानात एखाद्या पेटीविषयी तक्रार आली, तर ती पेटी कोणत्या बागेतून निघाली इथपर्यंत मागोवा घेता येतो. प्रयोगशाळांच्या कामावर पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील संदर्भ प्रयोगशाळेची देखरेख असते.

असे असूनही २०१० च्या हंगामात मोठा आघात झाला. वेलीची अनावश्यक वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अंश युरोपात मर्यादेपेक्षा अधिक आढळले. कंटेनर अडकले, माल नाकारला गेला आणि नाशिक परिसरातील बागायतदारांना व निर्यातदारांना जबर तोटा सोसावा लागला. ज्या रसायनांची तपासणी येथे होत होती, त्यांच्या यादीत हे रसायन नव्हते. बागेची नोंद होती, नमुना घेतला गेला होता, निष्कर्ष संगणकावर होता; पण विचारावयाचा प्रश्नच विचारला गेला नव्हता. पुढे तपासणीची यादी वाढविण्यात आली. यंत्र फक्त त्याला दिलेल्या प्रश्नांचीच उत्तरे देते आणि ते प्रश्न काळाबरोबर तपासत राहणे हे माणसाचे काम आहे, हा धडा मात्र बागायतदारांना फार महाग पडला.

यंत्रणेच्या मर्यादा

संगणकावरील अवलंबन वाढते तसे नवे धोकेही उभे राहतात. २७ जून २०१७ रोजी जगभर पसरलेल्या एका संगणकीय हल्ल्यामुळे जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. काम हातांनी करावे लागले आणि कंटेनर साचून राहिले. हल्ल्याचा रोख न्हावा शेव्यावर नव्हता, तरी हजारो कोसांवरील घटनेचा फटका येथे बसला. यंत्र बंद पडले असता काम कसे चालवावयाचे, याची तयारी असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

दुसरी मर्यादा माहितीच्या अचूकतेची होय. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर निर्यातदारांचा कर-परतावा शिपिंग बिल आणि कर विवरणपत्र यांच्या संगणकीय जुळणीशी जोडण्यात आला. दोन्हीकडील बीजकाचे क्रमांक तंतोतंत जुळले नाहीत, की परतावा अडकू लागला. माणसाच्या नजरेला क्षुल्लक वाटणारा फरक यंत्राला क्षुल्लक वाटत नाही. अडकलेली रक्कम मोकळी करण्यासाठी मार्च २०१८ मध्ये खात्याला विशेष पंधरवडा राबवावा लागला.

तिसरी मर्यादा धोरणाची आहे. १४ सप्टेंबर २०२० रोजी कांद्याच्या निर्यातीवर अचानक बंदी आली. त्या वेळी कांदा भरलेले ट्रक बांगलादेशच्या सीमेवर आणि कंटेनर बंदरात उभे होते. कांदा सडू लागला. काही दिवसांनी, ज्या मालाला बंदीपूर्वी सीमाशुल्क खात्याची निर्यात-अनुमती मिळाली होती, तो सोडण्याची मुभा देण्यात आली. संगणकातील नोंदीची वेळ हाच त्या प्रसंगी शेतकऱ्याच्या मालाचा आधार ठरला. परंतु ज्याची नोंद काही तास उशिरा झाली, त्याला तो आधार मिळाला नाही. माहितीची यंत्रणा निर्णय जलद पोहोचविते. निर्णय स्थिर व पूर्वसूचित असावेत ही जबाबदारी तिच्यावर टाकता येत नाही.

आणि काही गोष्टी तर कोणत्याही खिडकीच्या पलीकडच्या असतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर युरोपकडे जाणारी अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवासात दीड-दोन आठवड्यांची भर पडली. अशा वेळी बंदरात वाचविलेला एकेक दिवस अधिकच मोलाचा ठरतो.

लहान निर्यातदाराने काय ध्यानी घ्यावे?

शेतकरी उत्पादक कंपन्या, सहकारी संस्था व लहान उद्योजक यांना या व्यवस्थेचा लाभ घ्यावयाचा असेल, तर काही पथ्ये पाळणे हितावह ठरेल. आयात-निर्यात क्रमांक आणि संबंधित प्राधिकरणाकडील नोंदणी हंगामापूर्वीच पूर्ण करावी. मालाचा वर्गीकरण क्रमांक जाणकाराकडून निश्चित करून घ्यावा, कारण शुल्क व परवानग्या त्यावरच ठरतात. बीजक, पेट्यांची यादी, शिपिंग बिल व कर विवरणपत्र यांतील नावे, क्रमांक व वजने एकसारखी आहेत हे स्वतः पडताळावे. सर्व भार क्लिअरिंग एजंटवर टाकून निश्चिंत राहू नये. फवारणीची नोंदवही बागेत रोजच्या रोज ठेवावी आणि खरेदीदार देशाचे अंश-मर्यादेचे नियम दर हंगामात नव्याने पाहावेत. दाखल केलेल्या प्रत्येक कागदाची पोच आणि त्यावरील वेळ जपून ठेवावी. अडचणीच्या प्रसंगी तीच उपयोगी पडते.

पूर्वी बंदर म्हटले की डोळ्यांसमोर गोदीतील याऱ्या आणि जहाजांची शिडे येत. आज त्याच बंदरात मालाच्या आधी मालाची माहिती पोहोचते आणि माल थांबेल की पुढे जाईल हे बहुतांशी तीच ठरविते. ती माहिती खरी, पुरी व वेळेवर असेल, तर सीमा हा अडथळा न राहता केवळ एक टप्पा बनते. आणि तिची पहिली नोंद बंदरातील संगणकावर होत नसून दिंडोरीच्या एखाद्या बागेत, फवारणीच्या वहीतील एका ओळीत होत असते.